तेरा नंबर, तिसरा मजला

काकू घरी आल्या की काका मान वर न करता विचारायचे, "आज किती मेले?" त्यांच्या एका डोळ्यात भिंग अडकवलेलं असायचं आणि चिमट्यात कुठल्यातरी मनगटी घड्याळाचा तिळाएवढा स्क्रू. काकू पर्स खुंटीला अडकवत सांगायच्या, "तीन मेले, पाच वाचले. एकाला फोनवरच सोडून आलेय." काका "बरं" म्हणायचे आणि चहाचं आधण चढायचं. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी हे बोलणं जिन्यातून ऐकलं, तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी आपल्या मुलांना या दारासमोरून एकटं जाऊ दिलं नाही.

मेलेले सगळे अर्थातच खोटे. शहराच्या कडेला आपत्ती व्यवस्थापन शिकवणारी एक संस्था होती आणि काकू तिथे संकटात सापडायची नोकरी करायच्या. पुस्तक वाचून कुणाला पोहता येत नाही, हे ती संस्था काढणाऱ्याला लवकर कळलं असावं, कारण तिथे पुस्तकं कमी आणि सोंगं जास्त होती. एका दालनाच्या तिन्ही भिंतींवर पडदे होते. बटण दाबलं की त्यांवर अख्खी बाजारपेठ पेटायची, छताच्या जाळीतून धूर उतरायचा, कोपऱ्यातले पंखे गरम वारा फेकायचे आणि घामाघूम झालेली चार पोरं भुसा भरलेली माणसं फरफटत बाहेर आणायची. शेजारच्या खोलीत हुबेहूब नियंत्रण कक्ष मांडलेला होता. खऱ्या कक्षात असतात तीच टेबलं, तेच फोन, तेच पडद्यावरचे नकाशे. विद्यार्थी कानाला हेडफोन लावून बसायचे, लाल दिवा पेटायचा आणि पलीकडून काकू ओरडायच्या.

त्या ओरडायच्या जिन्याखालच्या खोलीतून. खोली म्हणायची एवढंच, एरवी तिथे झाडू ठेवले असते. आत एक खुर्ची, एक माइक आणि काकूंचा संसार. आगीचा फोन असला की तोंडासमोर धरायला उशी, पुराचा असला की बादली आणि तांब्या, घर कोसळायचं असलं की खिळे भरलेला पत्र्याचा डबा. रडणाऱ्या बाळाचं रेकॉर्डिंग संस्थेने आणून दिलं होतं, पण ते काकूंनी कपाटावर टाकलं. मशीनमधलं बाळ दमत नाही, त्यामुळे ते लगेच ओळखू येतं, असं त्यांचं म्हणणं. बाळ, बाळाची आई, दारू प्यायलेला शेजारी, बहिरे आजोबा, सगळ्या भूमिका त्या एकट्या वठवायच्या.

खरं तर त्या तिथे फायली लावायला लागल्या होत्या. एकदा ठरलेला नट आला नाही आणि विद्यार्थी हेडफोन लावून ताटकळत बसले. तिथले मुख्य शिक्षक दोन्ही हातांत दोन स्टॉपवॉच घेऊन फिरायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे स्टॉपवॉचसर म्हणायचे. सरांनी फायलींच्या खोलीत डोकावून विचारलं, "तुम्हाला ओरडता येतं का हो?" काकूंनी ओरडून दाखवलं. फाटकावरचा पहारेकरी पाण्याची बादली घेऊन दोन मजले धावत वर आला. त्या दिवसापासून फायली दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडल्या. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, घरी इतकी वर्षं फुकट करत होतीस तेच आता पगारावर करायचं म्हणजे बढतीच की.

काका असे खवचट, पण हातांनी देवमाणूस. समोरच्या खोलीतल्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. बाकीच्या घड्याळजींनी हात टेकलेली यंत्रं त्या टेबलावर यायची. त्यांचा उजवा अंगठा आणि दोन बोटं स्क्रू नुसती स्पर्शाने ओळखायची, डोळ्यांचं काम नंतर. काकूंना नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची सवय नव्हती. पण कुणी पाहुणा आला की त्या त्याला पहिल्यांदा त्या टेबलाशी नेऊन उभं करायच्या.

तर काकूंच्या कामाचे नियम. पहिला असा की पत्ता पहिल्यांदा विचारला तर द्यायचा नाही. घाबरलेलं माणूस भलतंच सांगत सुटतं, तेव्हा विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा विचारायला लावायचं. दुसरा नियम, पत्ता नेहमी एकच: तेरा नंबर, तिसरा मजला, जुन्या टाकीमागे. पाण्याची जुनी टाकी शहरात खरंच होती, पण तिच्यामागची घरं बारा नंबरला संपत होती. अगदी सुरुवातीच्या वर्षी तारांच्या घोळात सरावाचा फोन खऱ्या कक्षात गेला होता आणि खरी गाडी एका बिचाऱ्या शिंपिणीच्या दारात घंटा वाजवत उभी राहिली होती. म्हणून मग नसलेलं घर ठरवलं. चौदा वर्षांत काकूंनी तो पत्ता किती हजार वेळा सांगितला असेल, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. स्वतःचा पत्ता त्या वर्षाकाठी दोनदा सांगत असतील, तोही कुठल्यातरी अर्जावर.

शेवटी गुणपत्रिका. वेळेचे गुण सर द्यायचे आणि फोन करणाऱ्याचे गुण काकू. विद्यार्थ्यांना सरांपेक्षा काकूंची धास्ती जास्त. एक युक्ती मात्र त्या सगळ्यांना आपण होऊन शिकवायच्या. फोनवरच्या माणसाला पत्ता आठवत नसेल तर त्याच्याशी झटापट करू नका, खिडकीतून काय दिसतं ते विचारा. डोकं बंद पडलं तरी डोळे चालू असतात, असं त्या म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीत एक मुलगी होती. सावकाश बोलायची, सावकाश लिहायची, म्हणून बाकीचे तिला गोगलगाय म्हणायचे. सर तिच्याकडे पाहून स्टॉपवॉच नुसतं हलवायचे. काकूंना ती आवडायची, कारण ती ऐकायची. शेवटच्या परीक्षेत काकूंनी तिला पेटत्या घरातून फोन केला. चांगल्या ओरडत होत्या, उशीबिशी घेऊन. मुलीने दोन प्रश्न विचारले आणि मग हळूच म्हणाली, "काकू, तुमचा घसा बसलाय का? सरांना सांगून थोडं थांबू या का?"

खरंच बसला होता. पण परीक्षा ती परीक्षा. काकूंनी फोन ठेवला, तिच्या रकान्यात शून्य घातलं आणि नंतर सगळ्या वर्गासमोर तिला ऐकवलं की आवाज ओळखीचा वाटला तरी पलीकडचं माणूस परकं समजायचं. ते जो पत्ता सांगेल तिथे गाडी पाठवायची, आपली अक्कल मध्ये आणायची नाही. "उद्या खऱ्या कक्षात अशी ओळख काढत बसलीस तर माणूस मरेल," काकू म्हणाल्या. मुलीने मान खाली घातली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊन ती पास झाली आणि शहराच्या नियंत्रण कक्षात लागली. काकू हे सगळं विसरून गेल्या.

गेल्या वर्षीचा एक रविवार. सकाळचे अकरा वाजले होते. काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या आणि काका टेबलाशी होते. स्क्रू टेबलावर पडल्याचा बारीकसा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात तो आवाज काकूंनी ऐकलाच नव्हता, म्हणून त्या बाहेर आल्या. काका स्क्रूकडे पाहत होते. नुसते पाहत होते. उचलत नव्हते. काकूंनी विचारलं काय झालं, तर त्यांच्या तोंडून जे आलं ते शब्द नव्हते आणि ओठाची उजवी बाजू खाली लोंबली होती. काका अधूनमधून काकूंच्या मरण्याची नक्कल करायचे, त्यामुळे क्षणभर काकूंना वाटलं की चालू झालं यांचं. मग काका खुर्चीवरून कलले.

लकवा मारलेल्या माणसाची बायको काकूंनी निदान दोनशे वेळा केली होती. काय झालंय, किती घाई आहे, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी मोबाइल उचलला, फोन लावला, सांगायचं ते सांगितलं, काकांना कुशीवर वळवलं आणि गाडीची वाट पाहत बसल्या. गाडी आली. त्यांच्या आठवणीप्रमाणे सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं, फक्त गाडीला थोडा उशीर लागला.

काका वाचले. महिन्याभराने काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही हळूहळू परत आलं, खवचटपणासकट. उजवा हात मात्र आला नाही. म्हणजे हात होता, उचलता येत होता, पण बोटांना पेला कळायचा आणि स्क्रू कळायचा नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. काकूंनी ते बरोबर ऐकलं. मग दोन महिने त्या येईल जाईल त्याला त्या गाडीवाल्यांबद्दल सांगत राहिल्या. रविवारी सकाळी रस्ते मोकळे, तरी यांना पावणेबारा मिनिटं लागतातच कशी? नणंदेला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, फिजिओथेरपीच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला सांगितलं.

मग एके दिवशी स्टॉपवॉचसरांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग होतं आणि ते शिकवायला वापरता येतं, घरच्यांची परवानगी असेल तर. सरांनी ते ऐकलं होतं. त्यांच्या हातात स्टॉपवॉच नव्हतं, यावरूनच काकूंना कळायला हवं होतं. काकू म्हणाल्या, आधी मला ऐकवा.

सुरुवातीला मुलीचा आवाज आला. सावकाश. पत्ता सांगा, म्हणाली. आणि काकूंचा आवाज म्हणाला, "त्यांच्या हातातून स्क्रू पडलाय आणि ते तो उचलत नाहीयेत." पत्ता दिला नव्हता. नियमाप्रमाणे पहिल्यांदा विचारल्यावर दिला नव्हता. मुलीने दुसऱ्यांदा विचारलं. काकूंचा आवाज अगदी स्वच्छ, सपाट, शाळेत हजेरी द्यावी तसा म्हणाला, "तेरा नंबर, तिसरा मजला, जुन्या टाकीमागे."

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

पुढे मुलगी जराशी थांबली, मग गाडी निघाल्याचं तिने सांगितलं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, असं बोलली. मग कितीतरी वेळ नुसता काकूंचा श्वास ऐकू येत होता. आणि मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही ना?"

"हो गं."

"काकू, ते घर नाहीये. तुम्ही कुठे राहता ते राहू दे. खिडकीतून काय दिसतं ते सांगा."

"किल्लीवाल्याचं दुकान. पाटीवर मोठी निळी किल्ली रंगवलीय."

"त्याच्या शेजारी?"

"बेकरी. शटर अर्धंच वर आहे."

तोवर गाडी उलट दिशेला पुलापर्यंत गेली होती, तिथून ती वळली. एकूण साडेचार मिनिटं वाया गेली. मोबाइल कुठल्या भागातून बोलतोय तेवढं पडद्यावर दिसतं, घर दिसत नाही. पडदा शहराची एक बाजू दाखवत होता आणि बाई दुसरी सांगत होती. मुलीने ते पाहिलं होतं. काकूंना आता तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती फोनवर विचारण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या नियंत्रण कक्षाच्या दारात पाळी सुटायची वाट पाहत उभ्या राहिल्या.

मुलगी बाहेर आली आणि काकूंना पाहून तिचा चेहरा पडला. आपल्याला जाब विचारायला आल्यात, असंच तिला वाटलं. काकूंनी विचारलं, आवाज कधी ओळखलास?

"पहिल्याच वाक्याला," ती म्हणाली. "आणि ते घर नाही हेही माहीत होतं मला. पण तुम्ही तेव्हा शून्य दिलं होतं ना, काकू. म्हणून तुम्ही सांगितलंत तिथे पाठवली." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही ओरडत नव्हता. तुम्ही असं कधी बोलत नाही. म्हणून मग राहवेना."

काकूंना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरीला काही दोष द्यावा तर त्यातही आपलंच शून्य पुढे येत होतं. गाडीवाल्यांना दोन महिने शिव्या घातल्या त्या आता कुणाच्या पदरात टाकायच्या? त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, संस्थेच्या फायलींतून शोधून आणलेली तिची जुनी गुणपत्रिका पर्समधून काढली आणि तिथेच जिन्यावर बसून शून्य खोडून दहा केले. मुलगी म्हणाली, आता त्याचा काय उपयोग, मला नोकरी कधीचीच लागली. काकू म्हणाल्या, तुला नसेल, मला आहे.

घरी आल्यावर त्यांनी काकांना सगळं सांगितलं. एकदम, पाणीसुद्धा न पिता. काकांनी डाव्या हाताने चष्मा काढला, पुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच परत घातला. मग म्हणाले की बाकीच्यांच्या बायका नवऱ्याला भलत्या वाटेला लावतात, तू गाडीला लावलंस. काकू हसल्या नाहीत. काका मग टेबलाच्या खणातले चिमटे एकेक काढून पुन्हा जागेवर ठेवत बसले. चौथा चिमटा दोनदा खाली पडला. काकूंनी तो उचलून दिला नाही, कारण उचलून दिलेला त्यांना आवडत नसे.

रेकॉर्डिंग वापरायला काकांनीच परवानगी दिली. कागदावर डाव्या हाताची वेडीवाकडी सही केली. काकूंनी सरांकडे एक अट घातली. रेकॉर्डिंग नंतर, आधी तोच फोन त्या स्वतः करणार.

नव्या तुकडीत अकरा जण होते. चलाख पोरं, बोटं चालवायला पटाईत. महिनाभर काकूंनी त्यांच्यासाठी उशी, बादली, डबा, सगळं वापरलं होतं आणि तेरा नंबरचा पत्ता त्यांना पाठ झाला होता. त्या सोमवारी काकू जिन्याखालच्या खोलीत रिकाम्या हाताने बसल्या. अकराही जणांना पाळीपाळीने फोन केला. स्क्रू पडल्याचं सांगितलं. पत्ता दुसऱ्यांदा विचारल्यावर दिला, सपाट आवाजात. फोन शहराच्या दुसऱ्याच बाजूने येतोय, असं सरांनी त्यांच्या पडद्यावरच्या नकाशात दाखवून ठेवलं होतं. अकराही जणांनी मिनिटाच्या आत गाडी टाकीमागे पाठवली आणि फोन ठेवला. खिडकीतून काय दिसतं, हे एकानेही विचारलं नाही. सरांच्या स्टॉपवॉचवर संस्थेचा आजवरचा सगळ्यात उत्तम वेळ लागला होता.

नंतर चर्चेला बसल्यावर पुढच्या बाकावरचा एक मुलगा तक्रारीच्या सुरात म्हणाला की काकूंचा आज मूड नव्हता. नवरा खाली कोसळलाय आणि बाई अशी थंडपणे बोलेल का? जरा तरी खरं वाटायला हवं.

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. सरांनी रेकॉर्डिंग लावलं. "काकू, तुम्ही ना?" या वाक्यापर्यंत तो मुलगा पेन फिरवत होता, मग थांबला. काकूंनी अकरा गुणपत्रिका काढल्या आणि प्रत्येकीवर शून्य घातलं. बाराव्या कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, तिथेही शून्य घातलं आणि तो कागद इतरांबरोबर फळ्यावर टाचला. जाताना तेरा नंबर उद्यापासून बंद, असं सरांना सांगितलं. रोज नवा पत्ता द्यायचा, कुणाच्याच तोंडात बसू द्यायचा नाही. सर हो म्हणाले.

घरी काका टेबलाशी होते. डाव्या हाताने भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचे स्क्रू पिळायला शिकत होते. शिकताना जीभ बाहेर काढायची सवय नवीन होती. काकूंनी पर्स खुंटीला अडकवली.

"आज किती मेले?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या. "तुम्ही. अकरा वेळा."

काकांचा हात थांबला. त्यांनी स्क्रू हलकेच बशीत ठेवला आणि बशी पलीकडे सरकवली.

"एकानेही वाचवलं नाही?"

"एकानेही नाही."

"मग उद्या परत मार," काका म्हणाले. "एखादा शिकेल."

काकूंनी आधण चढवलं. चहा होईपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि किल्लीवाल्याच्या दुकानापासून सुरुवात करून आपला पत्ता स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या, आधी एकदा, मग पुन्हा एकदा. काका टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाले, मजला राहिला.